पवित्र आठवडा, मुक्काम ठाणे

बुधवार, 16 एप्रिल 2025

एसटीच्या पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, आमच्या तोंडी अजून नगरच. सकाळची गाडी धरली. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून गाड्यांना बायकांचीच गर्दी जास्त, आणि त्या गर्दीत एकटी बाई उठून दिसत नाही, हा त्या योजनेचा कुणी न सांगितलेला फायदा.

एकटी म्हणजे, ह्यांना जाऊन नऊ महिने झाले. जुलैत साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं, न्यूमोनिया निघाला, अकराव्या दिवशी संपलं. त्याबद्दल फार लिहीत नाही. नंतरचं मात्र लिहायला हवं. दिवसकार्याच्या प्रार्थनेला बाहेरगावचे एक प्रचारक आले होते. माझा हात हातात घेऊन म्हणाले, "बाई, विश्वास थोडा कमी पडला." मी चहाचा ट्रे धरून उभी होते. ट्रे टाकला नाही, याचंच मला अजून नवल वाटतं. तेव्हापासून मी उपासनेला जाते, पहिल्या बाकावरची माझी गायनवृंदातली जागा सोडून मागे बसते, आणि गात नाही. पंचवीस वर्षं गात होते. 'उपासना संगीत' न उघडता गाणी म्हणणाऱ्यांपैकी मी. आता पुस्तक उघडून पानाकडे बघत उभी राहते, म्हणजे शेजारच्यांना शंका येत नाही.

ठाण्याहून दादाचा फोन येत होता, "पवित्र आठवड्याला इकडे ये, ईस्टर करूनच जा." वहिनी म्हणाल्या, "नाही आलात तर मी न्यायला येईन," आणि त्या खरंच येतात, म्हणून निघाले.

टाकळी ढोकेश्वर, आळेफाटा, ओतूर. माळशेज एप्रिलमध्ये ओळखू येत नाही. पावसाळ्यात धबधब्यांखाली फोटो काढायला जिथे मरणाची गर्दी असते, तिथे काळे कोरडे कातळ आणि कडेला पानांच्या द्रोणात करवंदं घेऊन बसलेल्या ठाकर बायका. वीस रुपयांची घेतली. अर्धी आंबट निघाली. मुरबाडपासून घाम सुरू झाला तो खोपटला उतरेपर्यंत थांबला नाही.

दादा रेल्वेतून निवृत्त. रिक्षात बसल्या बसल्या म्हणाला, "तारीख लक्षात आहे का? आजच्याच दिवशी 1853 साली बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्याला आली." दर वर्षी सांगतो. मी दर वर्षी "हो का" म्हणते. आज म्हटलं नाही, तर त्याने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुढचं स्वतःच सांगून टाकलं.

गुरुवार, 17 एप्रिल

आज्ञा गुरुवार. संध्याकाळी दादाच्या मंडळीत, म्हणजे त्याच्या चर्चमध्ये, प्रभुभोजन. मी पुढे गेले नाही, बाकावरच बसले. पाळकांनी पाहिलं, काही बोलले नाहीत. चांगले वाटले ते मला तेवढ्याने.

घरी परतताना जिन्यात समोरच्या आंटी भेटल्या. उत्तनच्या ईस्ट इंडियन, म्हणजे इकडच्याच मूळच्या कॅथलिक, लग्न करून ठाण्यात आल्या त्याला पन्नास वर्षं झाली. पंचाहत्तरीच्या पुढे असाव्यात, तरी जिना चढताना कठड्याला हात लावत नाहीत. त्याही चर्चमधून येत होत्या, तलावपाळीच्या सेंट जॉन द बॅप्टिस्टमधून. बारा जणांचे पाय धुतले, वेदीवरची चादर काढली, सगळं उघडं केलं, घंटा बंद झाल्या, असं एका दमात सांगितलं. आता शनिवार रात्रीपर्यंत घंटा नाही, त्याऐवजी लाकडी खटखटा वाजवतात. आम्हा मिशनवाल्या प्रोटेस्टंटांकडे हे काही नसतं. आमच्याकडे शुक्रवार आणि रविवार; मधला शनिवार म्हणजे रविवारच्या जेवणाची तयारी.

"तू ती नगरची ना?" आंटी म्हणाल्या. "दादा बोलला मला." काय बोलला ते विचारलं नाही.

शुक्रवार, 18 एप्रिल

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. बारा ते तीन, क्रूसावरचे सात उद्गार, सात वक्ते. नगरला असते तर मीही कधी कधी एक उद्गार घेते. सातांपैकी दोघं वेळ खातात, एक रडतो, एक जण इतिहास सांगतो, हे ठरलेलं. पंखे फिरत होते पण हवा हलत नव्हती. उपास असल्यामुळे दुसऱ्या तासाला लोकांचे डोळे मिटायला लागले.

चौथा उद्गार एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडे होता. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" बुटक्या, पांढरी साडी, चष्मा दोरीला. कागद नाही. म्हणाल्या, हे येशूचे स्वतःचे शब्द नव्हेत, बायबलातल्या बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आहे. मरताना माणूस पाठ असलेलंच बोलतो. आणि बाविसावं स्तोत्र शेवटी स्तुतीकडे वळतं, म्हणून सगळे प्रवचनकार तिथे येऊन सुटकेचा श्वास टाकतात. "पण अठ्ठ्याऐंशीवं वाचा. ते कुठेच वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच अंधार आहे. तरीही ज्यांनी ही दीडशे स्तोत्रं एकत्र केली, त्यांनी ते वगळलं नाही. देवळात गायला ठेवलं." एवढं बोलून बाई खाली बसल्या. पाच मिनिटं झाली असतील. पुढच्या वक्त्याची तयारी नव्हती, त्याला पायऱ्या चढायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ कुणी खोकलंसुद्धा नाही.

मी शास्त्र उघडलं. अठ्ठ्याऐंशीवं. कितीदा ओलांडून गेले असेन मी ते पान. त्यात मित्र आणि आप्त दूर गेल्याची तक्रार आहे, खड्ड्याची आहे, रात्रंदिवस ओरडूनही उत्तर नसल्याची आहे. विश्वास कमी पडला, असं त्या माणसाला कुणी सांगितलेलं नाही. किंवा सांगितलं असेल तर त्याने ते लिहून ठेवायच्या लायकीचं मानलं नाही.

तीन वाजता घरी येऊन पेज आणि लिंबाचं लोणचं. वहिनींनी विचारलं कशी झाली उपासना. म्हटलं, "चौथ्या बाई चांगल्या होत्या."

संध्याकाळी आंटींच्या दारातूनच गप्पा. त्यांच्या फोनवर पोप फ्रान्सिसची बातमी होती: काल आजारपणातून उठून रोमच्या रेजिना चेली तुरुंगात गेले, दर वर्षी कैद्यांचे पाय धुतात, यंदा जमलं नाही, पण भेटून आले. "मरायला टेकला होता माणूस फेब्रुवारीत," आंटी म्हणाल्या, "तरी तुरुंग सोडत नाही." यंदाचं वर्ष त्यांच्याकडे ज्युबिलीचं, म्हणजे पवित्र वर्ष, 'आशेचे यात्रेकरू' हे त्याचं नाव. डिसेंबरात सुरू झालं तेव्हा रोमच्याच रेबिबिया तुरुंगातही एक पवित्र दार उघडलं होतं म्हणे. मी म्हटलं, आशेचा यात्रेकरू म्हणजे ज्याच्यापाशी आहे तो की जो शोधायला निघालाय तो? आंटी म्हणाल्या, "ते फादरला विचार. उद्या दहाला ये माझ्याकडे, काजू वाटायचेत."

शनिवार, 19 एप्रिल

सकाळी दादाबरोबर चालायला. कारागृहाच्या भिंतीकडेने. आत ठाण्याचा किल्ला आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकला, 1774 मध्ये इंग्रजांनी. भिंतीवर काटेरी तारा, बाहेर रस्त्यावर भाजीची हातगाडी. दादाला जुनं ठाणं सांगायला कुणी लागतं. या वेळी त्याने पोर्तुगीजांच्याही आधीचं काढलं.

1321 साली, म्हणजे सातशे वर्षांमागे, फ्रान्सिस्कन पंथाचे चार संन्यासी होर्मुझहून जहाजाने निघाले. जायचं होतं कोल्लमला आणि तिथून पुढे चीनला. जहाज ठाण्याला लागलं. इथे नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या मंडळीची, ख्रिस्ती कुटुंबं होती, त्यांच्याकडे उतरले. त्यावेळच्या सत्तेपुढे धर्मावरून वाद झाला आणि एप्रिल महिन्यात चौघे मारले गेले: टोलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, तिफ्लिसचा दिमित्री आणि सिएनाचा पीटर. हे मला पुसट माहीत होतं. पुढचं नव्हतं. त्यांच्याबरोबर एक पाचवा होता, जॉर्डन नावाचा, डॉमिनिकन पंथाचा संन्यासी. तो त्या दिवशी ठाण्यात नव्हता, पुढे निघून गेला होता. बातमी कळल्यावर परत फिरला, त्यांचे देह मिळवले आणि सोपाऱ्याला नेऊन पुरले. मग त्याच वर्षी ऑक्टोबरात इराणातल्या आपल्या बंधूंना पत्र लिहिलं. काही वर्षांनी ओडोरिक नावाचा दुसरा संन्यासी आला, त्याने हाडं उचलून चीनला नेली.

"आणि हा जॉर्डन?"

"राहिला इथेच. एकटा. 1324 च्या जानेवारीत ठाण्याहूनच दुसरं पत्र आहे त्याचं. माणसं पाठवा म्हणतो. पुढे 1329 मध्ये त्याला कोल्लमचा बिशप नेमलं."

मला हुतात्म्यांचं कौतुक फारसं कधी कळलेलं नाही. त्यांचं एका दिवसात आटोपतं. हा मागे राहिलेला मात्र माझ्या डोक्यात बसला. चौघांना पुरून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी उठून काय करत असेल? पाणी कुठून भरत असेल? कुणाशी कोणत्या भाषेत बोलत असेल? अडीच वर्षांनीही हातात कागद घेऊन तेच मागणं: कुणीतरी या. दादाला वाटलं मी ऐकत नाहीये. तो म्हणाला, "चल, मामलेदारची मिसळ खाऊ." पवित्र शनिवारी मिसळ चालते का, हा वाद आम्ही घातला नाही. चालली. फार तिखट होती आणि मला भूक लागली, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

दहाची वेळ अकरा झाली होती. आंटींनी काजू आधीच वाटून ठेवले होते, पाणी न घालता, रव्याइतके बारीक. मार्झिपानचं काम. जाड बुडाची कढई, काजू, तेवढीच साखर, दोन अंड्यांचा पांढरा बलक, गुलाबपाणी. आच मंद. मला कालथा दिला. "हलवत राहा. थांबलीस तर खाली लागेल, आणि लागलं की सगळं पिवळं."

पहिली दहा मिनिटं ते पातळच होतं. मनगट भरून आलं. गोळा कडा सोडायला लागेपर्यंत हात बदलायचा नाही असं काही नाही, पण थांबायचं नाही. आंटी समोर स्टुलावर बसून रबरी साचे पुसत होत्या, अंडी, मासा, एक ससा ज्याचा कान तुटलेला.

त्या बोलायला लागल्या ते माझ्याकडे न बघता. 26 जुलै 2005. सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस. त्यांचा मोठा मुलगा कामावरून निघाला तो घरी आला नाही. तेवीस वर्षांचा. तिसऱ्या दिवशी सापडला.

"मग मी दोन वर्षं काय केलं माहितीय? देवाशी बोलले नाही. मिस्साला जायची, गुडघे टेकायची, तोंड हलवायची. आत काही नाही. फादरला सांगितलं तर तो म्हणाला, येत जा. बस. तर मी शनिवारी जायची, दुपारी, कुणी नसतं तेव्हा. मेणबत्त्यांच्या स्टँडवर मेण सांडलेलं असतं ना, आठवड्याचं, ते खरवडायची. सुरी घेऊन जायची घरून."

"का?"

"विश्वास-बिश्वास काही नव्हता ग बाय. पण मेण कुणीतरी खरवडायला पाहिजेच होतं."

कालथा माझ्या हातात थांबला असावा, कारण त्या ओरडल्या, "हलव!"

मग त्या कामाची माहिती देत बसल्या, जशी कुणी लोणच्याची देईल. सुरी बोथट घ्यायची, धारदार घेतली तर पितळेवर नाहीतर दगडावर ओरखडे पडतात. दुपारी मेण मऊ असतं, चिकटतं, पसरतं. खरं तर पहाटे गार असताना पापुद्रे निघतात, पण त्यांना पहाटे जमायचं नाही, झोपेच्या गोळ्या चालू होत्या. गोळ्या कुठल्या, तर मनोरुग्णालयातल्या. 1901 पासूनचं आहे ते ठाण्यात. लोक वेड्यांचं म्हणतात, आंटी बाह्यरुग्ण विभागात सहा महिने जात होत्या. "तिथली डॉक्टर हिंदू होती, चांगली पोरगी. म्हणाली, चर्च सोडू नका आणि गोळी पण सोडू नका."

माझ्या पर्समध्ये नगरच्या डॉक्टरांची चिठ्ठी होती. फेब्रुवारीपासून. प्रार्थनासंघातल्या एकीने सांगितलं होतं की गोळ्या म्हणजे अविश्वास, म्हणून दहा घेतल्या आणि पाकीट तसंच ठेवलं होतं. हे मी आंटींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती बाई कुठे राहते? पत्ता दे मला."

मार्झिपान जमलं. चिमूटभर गार पाण्यात टाकलं, गोळी झाली. साच्यात भरताना बोटांना गुलाबपाण्याचा वास लागला तो रात्रीपर्यंत गेला नाही.

रात्री आंटींबरोबर तलावपाळीला. शनिवारची गर्दी, बोटी, भेळ, पोरांचे फुगे, आणि त्या सगळ्याच्या कडेला चर्चच्या आवारात चारपाचशे माणसं अंधारात उभी. दिवे मुद्दाम बंद. पौर्णिमा होऊन आठवडा झालेला, त्यामुळे चंद्रही नव्हता. बाहेर लोखंडी शेगडीत नवा विस्तव पेटवला, त्यावरून मोठी पास्काची मेणबत्ती. तिच्यावर 2, 0, 2, 5 हे आकडे कोरलेले आणि पाच जखमांसाठी धूपाचे पाच दाणे खोचलेले. एक ज्योत आत गेली. तिच्यावरून पहिल्या रांगेची, त्यांच्यावरून मागच्यांची. आमच्यापर्यंत यायला वेळ लागला. आमच्या पुढच्या बाबांची मेणबत्ती तीनदा विझली, तिसऱ्यांदा आंटींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि स्वतः पेटवून दिली.

बरीचशी मिस्सा इंग्रजीत. वाचनंच वाचनं, उत्पत्तीपासून. मध्येच बाहेरून एखाद्या मोटारसायकलचा हॉर्न. मी शिक्षिका, मला इंग्रजी कळतं, तरी अर्धं कानावरून गेलं. मग गौरवगीत सुरू झालं आणि गुरुवारपासून मुक्या असलेल्या घंटा एकदम वाजल्या. वरची मोठी, वेदीपाशी पोरांच्या हातातल्या छोट्या, सगळ्या. दिवे लागले. माझं मेण बोटावर ओघळलं. चटका बसला आणि मी "आई ग" म्हणाले, चांगलं मोठ्याने. नऊ महिन्यांत चर्चमध्ये माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द तो. आंटी हसल्या.

गायले का? नाही. कुणी विचारलं तर खोटं सांगणार नाही.

रविवार, 20 एप्रिल

दादाच्या मंडळीत उपासना. "प्रभू उठला आहे!" "खरोखर उठला आहे!" हे एकमेकांना म्हणत गळाभेटी. यंदा पूर्वेकडच्या आणि पश्चिमेकडच्या सगळ्या मंडळ्यांचा ईस्टर एकाच तारखेला आला होता, पाळकांनी आवर्जून सांगितलं. शिवाय निकेयाच्या परिषदेला, जिथे ईस्टरच्या तारखेचा घोळ निस्तरला, 1700 वर्षं. मला म्हणताना "खरोखर" जरा जड गेलं, "उठला आहे" बरं निघालं.

दुपारी आंटींकडून डबा: फुगे, म्हणजे त्यांचे तळलेले गोल पाव, आणि डुकराचं इंदयाल, तिखट रस्सा. वहिनींनी मटण केलं होतं, तेही वर गेलं. मग सगळे आडवे. या दिवसाबद्दल एवढंच. रात्री पाकिटातली एक गोळी घेतली, जेवणानंतर, डॉक्टरांनी लिहिल्याप्रमाणे. नगरला गेल्यावर त्यांनाच भेटून पुढचं विचारायचं ठरवलं.

सोमवार, 21 एप्रिल

आंटींनी मार्झिपानचा डबा दिला. कान तुटलेला ससा माझ्या वाट्याला. जिन्यात म्हणाल्या, "ये परत. आगेऱ्याला ये, ऑक्टोबरात. नवं भात येतं." मी हो म्हटलं.

माळशेजला रेंज नसते. ओतूर सोडलं तसा फोन थरथरायला लागला. दादाचे दोन, आंटींचे चार. पोप फ्रान्सिस गेले होते. सकाळी, रोमच्या वेळेनुसार साडेसात वाजून गेल्यावर. काल तर बाल्कनीत आले होते, आशीर्वाद दिला होता, चौकातून गाडीने फेरी मारली होती.

आळेफाट्याला गाडी थांबली तेव्हा आंटींना फोन लावला. त्या रडत होत्या, आणि मधेच थांबून विचारलं, "तू कुठवर पोचलीस? जेवलीस का?" मी म्हटलं, वडापाव घेतलाय. "मग खा आधी." फोन ठेवला नाही त्यांनी. मी खाल्लं, त्या तिकडे नाक ओढत राहिल्या, आणि कंडक्टरने बेल मारेपर्यंत आम्ही दोघी तशाच होतो.

घरी पोचायला संध्याकाळ झाली. लेकीने दार उघडलं. काल पहाटे ती आणि तिचे काका, सगळे कबरस्थानात गेले होते, दर ईस्टरला जातात तसे. बाबांच्या कबरीवर मेणबत्त्या लावल्या. पण वारा होता, आणि लहान मुलांनी मेणबत्त्या आडव्या ठेवल्या, सगळं मेण नावावरून खाली ओघळलं, अक्षरं बुजलीत. उद्या काका साफ करतील, म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "मी जाते. पहाटे."

"पहाटे कशाला?"

"गार असताना पापुद्रा निघतो."

स्वयंपाकघरात जाऊन सुऱ्या बघितल्या. कांद्याची नको, ती परवाच धार लावून आणलेली. पावाला लोणी लावायची एक आहे, ह्यांची, मुठीशी थोडी वाकलेली. ती पर्समध्ये टाकली आणि पाचचा गजर लावला.